वीणा खाली टेकता कामा नये

"तुळशीभाऊ, माझी कमू कुठंय?"

संस्थेचं मोखाड्यातलं काम बघणाऱ्या ममताताईंचा फोन आला की त्यात आधी रामराम असायचा, मग पोराबाळांची चौकशी, मग त्यांच्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं, आणि काम सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता. त्या गुरुवारी सकाळी सवादहाला ताईंनी रामरामसुद्धा घातला नाही, तेव्हा जव्हारच्या ऑफिसात तुळशीदासनं हातातला फॉर्म खाली ठेवला.

"कोण कमू, ताई?"

"कोण कमू म्हणून मला काय विचारता! सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरची. काळ्याची बायको. होळीनंतर तुमच्याकडं धाडली ना तिला? फॉर्म धाडला, एसटीतून डबा धाडला, वर फोन केला. काल बाजारात तिची आई भेटली, वेणू. म्हणते, पोरीला गोळ्याच नाही मिळाल्या. बारा दिवस, भाऊ!"

"असं होणार नाही, ताई. थांबा, पान उघडतो."

"उघडा. मी फोन धरून आहे."

संस्थेचं काम सांगायला साधं, करायला जिवाचं. जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवर टीबी झालेल्या माणसांना सहा महिने गोळ्या खाऊ घालायच्या, एक दिवसाआड, आपल्या डोळ्यांदेखत. प्रत्येक रोग्याच्या नावाचा एक पुठ्ठ्याचा डबा, त्यात त्याच्या पुऱ्या सहा महिन्यांच्या गोळ्या. याच्या डब्यातली गोळी त्याला द्यायची नाही. माणूस पाडा सोडून कामावर गेला तर डब्यानं त्याच्या मागोमाग जायचं. आणि या मुलखात माणूस पाडा सोडतोच. दिवाळी सरली की वीटभट्टी, होळीला काहीही करून घरी, आणि होळीची राख निवली की पुन्हा कुठं रस्ता, कुठं खडी. कमूनं चार महिने एक दिवस न चुकवता गोळ्या खाल्ल्या होत्या. दोन महिने उरले होते. तेवढ्यात काळ्याला शिरपामाळच्या अलीकडे रस्त्याचं काम मिळालं, नवराबायको तिकडं गेली, म्हणून ताईंनी तिची बदली मोखाड्याहून जव्हारला केली.

तुळशीदासनं पान उघडलं. जव्हारच्या यादीत कमू नव्हती. मोखाड्याच्या यादीत कमू नव्हती. त्यानं नाव सोडून फॉर्मचा नंबर घातला. नंबरही नव्हता.

"दिसली का?" फोनमधून आवाज आला.

"बघतोय, ताई."

"तुमच्या बघण्यात माझी पोर मरायची, भाऊ." आणि फोन खाली आपटल्याचा आवाज.

आता हे पान म्हणजे काय, ते सांगायला हवं. जव्हारच्या ऑफिसात एका लांब टेबलावर दोन मशीन होत्या. डावीकडची जुनी. तिच्यात मोखाड्याच्या रोग्यांची नोंद अ‍ॅक्सेस नावाच्या प्रोग्राममध्ये, अठ्ठ्याण्णव सालापासूनची, ममताताईंनी एकेक रकाना शेजारी बसून बनवून घेतलेली. उजवीकडची नवी. तिच्यात जव्हारच्या रोग्यांची नोंद मायएसक्यूएल नावाच्या दुसऱ्याच प्रोग्राममध्ये. ताई फॉर्म एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडायच्या, तुळशीदास ते डावीकडं भरायचा, आणि त्यांची यादी छापून एसटीनंच परत धाडायचा. गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, संस्थेच्या डॉक्टर हर्षालीबाई म्हणाल्या, "जुनं मोडू नका, आठ वर्षांचं सोनं आहे त्यात. नवंही असू द्या. फक्त वरून एकच पान करा. पान उघडलं की मला दोन्ही तालुक्यांची माणसं एका जागी दिसली पाहिजेत."

बोलायला काय जातंय! तुळशीदास पोशेऱ्याच्या शेतकरी घरातला, कीर्तनाच्या फडात पेटी धरत लहानाचा मोठा झालेला. त्याला लगेच कळलं की हे काम म्हणजे दोन पट्ट्यांच्या गवयांना एकदम उभं करणं आहे. एक काळी दोनमध्ये गाणार, दुसरा पांढरी चारमध्ये, आणि पेटीवर तुळशीदासचे हाल. डावीकडच्यात मराठी नावं जुन्या फाँटातली, उजवीकडच्यात युनिकोड. डावीकडं तारीख दिवसापासून सुरू, उजवीकडं वर्षापासून. एकाला विचारलेलं दुसऱ्याला कळत नाही. आधी याला विचारायचं, उत्तर हातात धरायचं, मग त्याला विचारायचं, आणि दोन्ही उत्तरं पानावर शेजारी मांडायची. ठाण्याच्या उमेश नावाच्या मुलानं ते जुळवून दिलं होतं. हुशार पोरगा. संस्थेला परवडेल तेवढ्यातच केलं बिचाऱ्यानं.

तुळशीदासनं ठाण्याला फोन लावला.

"सर, माझ्याकडं व्यवस्थित चालतंय," उमेश म्हणाला.

"तुझ्याकडं चालायला काय झालं? एक बाई हरवलीये माझी."

"बाई?"

"नोंद रे! बदलीचं बटण दाबलं होतं मी. आता ती इकडंही नाही, तिकडंही नाही."

"बटण दोनदा दाबलंत का?"

"उमेश, मी पेटी वाजवतो. माझं बोट कुठं किती वेळा पडलं ते मला कळतं."

तिकडं कीबोर्डचा आवाज झाला. "किती वाजता दाबलं होतं, सर?"

तुळशीदासनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर त्याच्याच अक्षरातलं लोडशेडिंगचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. सकाळी अकरा ते दुपारी चार. होळीनंतरच्या आठवड्यात फॉर्मचा गठ्ठा वीतभर साठला होता, आणि तो रोज पावणेअकराला घाईघाईनं बदल्या उरकत बसायचा. वीज कधी अकराला जायची, कधी मेली दहा पन्नासलाच.

"वीज जायच्या सुमारास असेल," तो म्हणाला. "पण यूपीएस आहे की."

"दोन्ही मशीनना?"

"डावीला. जुनी आहे, तिला धक्का सोसत नाही. नवी आपली बंद पडते आणि चारला परत उठते."



"सर," उमेश हळू आवाजात म्हणाला, "बटण दाबलं की प्रोग्राम आधी जुन्यातून नाव काढतो, मग नव्यात घालतो. जुन्यातून काढलं, आणि त्याच क्षणाला नवी मशीन गेली, तर..."

"तर नाव गेलं आकाशात."

"हो."

"अरे मग दोन्ही एका गाठीत बांध ना! झालं तर दोन्हीकडं होईल, नाहीतर कुठंच नाही."

"एका डेटाबेसच्या आत तशी गाठ मारता येते, सर. दोन निरनिराळ्यांत मध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. आपल्यात मध्ये फक्त पान उभंय. आणि पान नव्या मशीनवर. वीज गेली की मधलाच मरतो."

"मग निदान उलटं करायचं! आधी घाल, मग काढ. एवढी साधी गोष्ट तुला..."

"सर, रागावू नका. आधी उलटंच होतं."

"काय?"

"सप्टेंबरमध्ये तुम्हीच बदलायला लावलंत. मध्येच वीज गेली की एक नाव दोन्ही याद्यांत दिसायचं. तुम्ही म्हणालात, पाहुण्यांसमोर माझी अब्रू जाते, एक माणूस दोनदा दिसता कामा नये. मेल आहे, पाठवू?"

"नको," तुळशीदास म्हणाला.

मेल पाहायची गरज नव्हती. त्याला आठवलं. देणगी देणारे पाहुणे आले होते. पडद्यावर एक म्हातारा दोनदा आला, आणि पाहुण्यांतला एकजण हसून म्हणाला, यांना डबल गोळ्या का? सगळे हसले. त्या हसण्याचा राग धरून त्यानं उमेशला तो मेल धाडला होता. पान कसं स्वच्छ दिसलं पाहिजे! आणि पान स्वच्छ झालं. इतकं स्वच्छ, की त्यातून माणूस पुसला गेला.

पांडुरंगा, त्यानं कपाळाला हात लावला. बरोबर दहा चोपन्नला वीज गेली.

डॉक्टरबाई अंधाऱ्या ऑफिसात आल्या, सगळं ऐकलं, आणि ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बारा दिवस," त्या म्हणाल्या. "आत्ता सापडली तर थुंकी तपासून तिथूनच पुढं नेता येईल, कदाचित. जितका उशीर, तितका तो जंतू शहाणा होतो. मग या गोळ्यांना जुमानत नाही. तुळशीदास, ही एकच आहे, की आणखी आहेत?"

"काय सांगू, मॅडम? आहे त्याची यादी निघते. नाही त्याची यादी कुठून काढू? जो कुठंच नाही, त्याला विचारायचं कुणाला?"

अनंता दाराशी उभा होता. अनंता म्हणजे जव्हार तालुक्याच्या पाड्यांवर मोटरसायकलवरून गोळ्या देणारा. सकाळी पानावरची यादी छापून घ्यायची, यादीतल्या नावांचे डबे कपाटातून काढायचे, पिशवीत घालायचे, की निघाला. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "डबे तर आहेत ना, भाऊ. डब्याला कुठं वीज लागते?"

तुळशीदास उठून कपाटाकडं गेला.

खिडकी सताड उघडून त्यांनी कपाटातले डबे टेबलावर मांडले, दोन बंद मशीनींच्या मध्ये. अनंता एकेक नाव वाचायचा, तुळशीदास सकाळच्या छापील यादीवर खूण करायचा. यादीत चोवीस नावं. टेबलावर डबे एकतीस. सात डबे उरले, पाहुणे जेवून गेल्यावर पंगतीत सात पानं तशीच वाढलेली राहावीत तसे. सातांतला एक कमूचा. अनंतानं तो हातात घेतला, नाव वाचलं, आणि खूप वेळ तसाच धरून ठेवला.

"काय रे?"

"काही नाही, भाऊ." त्यानं डबा बाकीच्यांवर ठेवला.

शुक्रवार-शनिवार दोन दिवस अनंताच्या मोटरसायकलला उसंत नव्हती. सहाजण सापडले. एक म्हातारी तर म्हणाली, "बरं झालं बाबा, मला वाटलं मी बरी झाले." सहाही जणांची नावं तुळशीदासनं हातानं, सकाळी आठ वाजता, वीज ठणठणीत असताना, नव्या मशीनमध्ये भरली, आणि भरून झाल्यावर पान पुन्हा उघडून तीन-तीनदा पाहिली. राहिली कमू. शिरपामाळच्या अलीकडे रस्त्याचा तो तुकडा पुरा झाला होता. टोळीच्या खोपट्यांच्या जागी चुलीचे तीन काळे दगड आणि एक फाटकी प्लास्टिकची बादली. मुकादम टोळी घेऊन कुठं गेला, कुणाला माहीत नाही. चौदा दिवस झाले.

रविवारी पोशेऱ्यात तुळशीदासचा पहारा होता. गावच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता. सात दिवस, सात रात्री नामाचा गजर चालू, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात. दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले. तुळशीदासचा दुपारी दोन ते चार. त्याला जावंसं वाटत नव्हतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा सप्ताहाला जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. बायको म्हणाली, "बरं, तेवढंच मन रमेल," तर तिच्यावरही उखडला. पण पहारा चुकवायचा नाही. गेला.

दोन तास तो वीणा घेऊन उभा राहिला. एरवी या देवळात त्याला वेळेचं भान राहायचं नाही. संध्याकाळच्या कीर्तनात बुवा पूर्वरंग संपवून गजराला आले की त्याच्या अंगावर काटा यायचा, डोळे भरायचे, शेजारचा कोपरानं ढोसून म्हणायचा, तुळशा, पेटी सोडून रडतोस काय! आज मात्र बोटं तारेवर आणि डोळ्यांसमोर दोन याद्या. विठ्ठल विठ्ठल म्हणता म्हणता मन म्हणत होतं, आधी काढतो मग घालतो, आधी काढतो मग घालतो.

चारला मंगळूबाबा आले. सत्तरीकडं झुकलेले, गळ्यात माळ, पायाला डांबराचे वाळलेले डाग. रोजंदारीवर जाणारा माणूस, पण सप्ताह लागला की काम सोडून गावात हजर. ते समोर येऊन उभे राहिले. तुळशीदासनं गळ्यातून पट्टा काढला, वीणा पुढं केली, वाकून नमस्कार केला, आणि हात सोडले.

वीणा खाली गेली.

गेलीच असती. मंगळूबाबांनी गुडघा पुढं घातला, भोपळा मांडीवर अडकला, आणि दोन्ही हातांनी त्यांनी ती वर उचलली. टाळ क्षणभर चुकले, पण गजर तुटला नाही.

बाबांनी पट्टा गळ्यात घातला, तारेवर बोट फिरवलं, आणि तसंच तारेवर बोट ठेवून, नामाच्या मधल्या श्वासात, दातओठ खाऊन म्हणाले, "आरं, मी रामकृष्णहरी म्हणलो का तुला? म्हणलो का? नाय ना? मग हात कसा सोडलास? घेणारा म्हणल तवा देणारानं सोडायची. तवर चार हातांत ऱ्हाऊ दे. दोघांच्या हातात ऱ्हायली तर काय पाप लागतं?"

तुळशीदास जागच्या जागी उभा राहिला. कान तापले. लहानपणापासून हे त्याला ठाऊक होतं. ह्याच देवळात त्याच्या बापानं त्याला वीणा द्यायला-घ्यायला शिकवलं होतं. घेणारा गळ्यात पट्टा घालतो, तारेवर बोट ठेवतो, रामकृष्णहरी म्हणतो. मगच देणाऱ्याचे हात सुटतात. मधला जो क्षणभर वीणा दोघांची असते, त्याला कुणी हसत नाही. तिथंच तर दोघं एकमेकांच्या पाया पडतात.

आणि त्यानं काय केलं होतं? पाहुण्यांच्या हसण्यापायी तो क्षणच पुसून टाकायला सांगितला होता.

तो देवळाबाहेर पायरीवर बसून राहिला. सहाला बाबा पहारा संपवून आले, आणि त्याच्या शेजारी पायरीवर टेकले. राग निवला होता.

"आज ध्यान नव्हतं तुझं," बाबा म्हणाले. "घरी काय झालं का?"

तुळशीदासनं सगळं सांगितलं. डेटाबेसचं बाबांना काय कळणार म्हणून नुसती कमूची गोष्ट सांगितली. सूर्यमाळच्या खालची, नवरा काळ्या, रस्त्याची टोळी.

"काळ्याची टोळी?" बाबा म्हणाले. "आरं, मी त्याच टोळीत होतो की. परवाच आलो सप्ताहाला. मुकादमानं दाभोसाच्या अंगाला नेलंय सगळ्यांना. ती कमू, बारीक बाई ती? खोकते रोज, पाटी घेऊन. मी म्हणलो तिला, पोरी, औषध घे. म्हणली, बाबा, घ्यायला गेलती मी."

"घ्यायला गेली होती? कुठं?"

"तुमच्याकडंच की, जव्हारला."

सोमवारी सकाळी तुळशीदास स्वतः अनंताच्या मागं मोटरसायकलवर बसला, कमूचा डबा पोटाशी धरून. दाभोसाच्या अलीकडे उतारावर डांबराचा धूर दिसला. बायका ओळीनं खडीच्या पाट्या वाहत होत्या. कमू सगळ्यांत मागं होती. बारीक, गालफडं बसलेली, डोक्यावर चुंबळ. अनंताला बघून ती थांबली, आणि तिनं पाटी उतरवली नाही.

"ह्यो दादा!" ती शेजारणीला म्हणाली. "ह्योच त्यो. कागदवाला."

"कमू," तुळशीदास म्हणाला, "आम्ही तुझ्या गोळ्या..."

"मी आलेली की दवाखान्यात. एक दिसाचा खाडा पाडून आलेली. ह्या दादानं कागद पाहिला. म्हणला, तुझं नाव नाय, मोखाड्याला जा. मी म्हणली, ताई म्हणली डबा इथंच येल. म्हणला, कागदात नाय तर नाय." तिनं पाटी धाडकन खाली टाकली. खडी अनंताच्या बुटांवर उडाली. "त्याच्या मागं कपाट होतं. मला डबे दिसत होते!"

अनंताचं तोंड उतरलं. "भाऊ, त्या दिवशी मी... यादीत नाव नसेल तर डबा काढायचा नाही असं आपणच..."

"आपणच," तुळशीदास म्हणाला. "मीच सांगितलं होतं तुला."

मुकादम लांबून ओरडला, "ए, काम थांबवायचं नाय!" कमूनं त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. खोकल्याची एक उबळ आली, तिनं पदर तोंडाला लावला.

तुळशीदासनं डबा पुढं केला. तिनं दोन्ही हातांनी धरला. त्याला वाटलं आता सोडावा. पण हात सोडायला तयार होईनात.

"सोडा की," कमू म्हणाली.

"घेतलास?"

"घेतला म्हणून तर म्हणते सोडा! काय येडं माणूस हाय," ती शेजारणीला म्हणाली. आणि शेजारीण हसली तशी तीही, पंधरा दिवसांच्या रागातून, थोडीशी हसली. मग ती अनंताच्या मागं मोटरसायकलवर बसून थुंकी तपासायला जव्हारला गेली. मुकादमाला तुळशीदासनं काय सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माळकरी घरातल्या माणसानं तसं बोलू नये. परतीची वाट तो जीपच्या टपावर बसून आला.

त्याच संध्याकाळी वीज आल्या आल्या त्यानं उमेशला फोन केला. "आधी नव्यात घाल. घातल्यावर परत वाचून बघ, खरंच बसलंय का. आणि तरीही जुन्यातून काढू नकोस."

"मग कधी काढू?"

"अनंता पाड्यावर जाऊन रोग्याच्या हातात डबा देईल, गोळ्या खाऊ घालून येईल आणि पानावर 'घेतला' म्हणून खूण करेल, तेव्हा. तोवर नाव दोन्हीकडं राहील. दोन्हीकडं पिवळ्या ओळीत."

"सर, मग एक माणूस दोनदा दिसणार."

"दिसू दे."

"पाहुणे आले तर?"

"त्यांना माझ्याकडं धाड. मी त्यांना सप्ताहाला नेईन."

उमेशला काही कळलं नाही, पण त्यानं शुक्रवारपर्यंत करून दिलं. कमूच्या थुंकीचा निकालही शुक्रवारीच आला. जंतू नव्हते. डॉक्टरबाई म्हणाल्या, चुकलेले दिवस पुढं जोडून कोर्स तिथूनच चालवू, पण मी अजून सुटकेचा श्वास टाकलेला नाही, तुम्हीही टाकू नका. तुळशीदासनं टाकला नाही. सोमवारी सकाळी आठला त्यानं कमूचं नाव फॉर्मवरून जुन्यात पुन्हा भरलं आणि नव्या रीतीनं तिची बदली केली. एक नवा यूपीएस मागितला, त्याचा अर्ज ठाण्याच्या कुठल्यातरी टेबलावर अडकून पडला. डावीकडच्या मशीननं मंगळवारी तारखा उलट्या दाखवल्या. बुधवारी पान उघडायलाच पाच मिनिटं. दोन गवई अजून दोन पट्ट्यांतच गात होते, आणि पेटीवाला अजून घामाघूम.

मग पुढच्या गुरुवारी सकाळी दहा पन्नासला फोन वाजला.

"तुळशीभाऊ, आता काय करून ठेवलंय?" ममताताई ओरडल्या. "माझ्या यादीत कमू परत आली! पिवळी! मी माझी बाई धाडली तिच्या मागावर दाभोसाला, पार अर्धा दिवस मोडला, तर तिथं कमू म्हणते, काल जव्हारचा दादा गोळ्या देऊन गेला, आता तुम्ही कशाला आलात, मला काय दोनदा खायला घालता?"

"खाल्ल्या नाहीत ना दोनदा?"

"कशा खाईल? डबा एकच आहे, आणि तो तिनं तुमच्या दादाला परत नेऊच दिला नाही, उशाशी घेतलाय. कुणाला हात लावू देत नाही, स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा. पण भाऊ, हे दोन-दोन नावांचं काय नवीन खूळ? माझ्या बाईचा दिवस गेला."

तुळशीदासनं पान उघडलं. खरंच. कमूची ओळ जव्हारला पिवळी, मोखाड्यालाही पिवळी. अनंता गोळ्या देऊन आला होता, पण 'घेतला'ची खूण करायची विसरला होता. त्यानं दाराकडं पाहून "अनंता!" म्हणून हाक मारली, आणि हाक मारता मारता भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं नजर गेली. दहा त्रेपन्न.

"ताई, अनंता खूण करेल तोवर ती तुमचीच. सोडू नका."

"आणि खूण करताना वीज गेली तर?"

"तरी तुमचीच. चार वाजता मी बघतो. चारला नाही झालं तर उद्या सकाळी आठला. तोवर नाव काढू नका, ताई."

"म्हणजे दिवसभर ती आपल्या दोघांची."

"दोघांची."

तिकडं ताईंनी मोठा सुस्कारा टाकला. राग गेला नव्हता, पण आवाज थोडा खाली आला होता. "बरं. धरते. गुडघे दुखतायत, पण धरते."

अनंता धावत आत आला, खुर्ची ओढली, माउस धरला. पडदा काळा झाला. डावीकडच्या मशीनचा यूपीएस टीं टीं करत राहिला, आणि तिच्या पडद्यावर मोखाड्याच्या यादीत, सातव्या ओळीत, कमू तशीच होती.

"गेली का, भाऊ?" फोनमधून ताईंनी विचारलं.

"वीज गेली," तुळशीदास म्हणाला. "कमू आहे."